कौलं कोण परतणार?

आमच्या घरातला सगळ्यात लांबलेला वाद टाळेबंदीत झाला, आणि जवळजवळ सगळा फोनवर झाला. मी डोंबिवलीत, ताई पुण्याला कोथरूडमध्ये, आणि ज्यावरून वाद ते घर दापोली तालुक्यात आंजर्ल्याला, कुलूप लावून. आई डिसेंबर २०१९ मध्ये ताईकडेच गेली. दिवसवार झाले, जानेवारीत आम्ही घर बंद करून आलो आणि मार्चअखेरीची ताईची गडबड उरकली की बसून बोलू, असं ठरलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्या रात्रीपासून लोकलही बंद झाल्या. बसून बोलणं राहिलं ते राहिलंच.

एक आधीच सांगून टाकतो. बहीण माहेरासाठी जीव टाकत असेल आणि भाऊ पैशावर डोळा ठेवून असेल, असं वाचणाऱ्याला वाटणार. आमच्याकडे उलटं होतं. विकू या म्हणत होती ती ताई, नको म्हणत होतो तो मी. आणि लेख मी लिहितोय, तेव्हा माझी बाजू आहे त्याहून बरी दिसण्याचा धोका आहे.

एप्रिलमधला पहिला फोन. रात्रीचे साडेनऊ. ताई बँकेत नोकरीला. बँका चालू होत्या, त्यामुळे ती रोज मास्क लावून शाखेत जायची, आल्यावर अंघोळ करून, कपडे भिजवून मगच जेवायला बसायची आणि त्यानंतर फोन करायची.

"गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. "मुंबईचा माणूस आहे. सध्या घरून काम करतो, समुद्राजवळ जागा हवीय. घर आणि वाडी मिळून अडतीस म्हणतोय."

"लाख?"

"नाही, रुपये."

"ताई, आईचं वर्षसुद्धा झालेलं नाही."

"वर्षश्राद्धाला गुरुजी लागतात. घर लागतं असं कुठे लिहिलंय?"

मी मग माझी बाजू मांडली. त्या दिवसांत ती मला फार बिनतोड वाटत होती. साडेचारशे चौरस फुटांत आम्ही चौघं. दोन लॅपटॉप, मुलाची शाळा मोबाइलवर, बायको स्वयंपाकघराच्या ओट्यावर फाइल उघडून बसलेली. मी गॅलरीत उभा राहून समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतल्या माणसाकडे बघायचो, तो माझ्याकडे बघायचा. आणि तिकडे आंजर्ल्याला ओटी, पडवी, शेणाने सारवायचं अंगण, मागे विहीर, त्यामागे सुपारी सगळी रिकामी पडलेली. अंगण म्हणजे काय असतं ते आत्ता कळतंय, आणि आत्ताच ते विकायचं?

"तुला डोंबिवलीचा कंटाळा आलाय," ताई म्हणाली. "लोकल सुरू झाली की जाईल तो. मागच्या पंधरा वर्षांत तू आंजर्ल्याला किती वेळा गेलास?"

"दरवर्षी गणपतीत—"

"दीड दिवस. मोदक खायला. मे महिन्यात कौलं परतायला माणूस कोण शोधायचं?"

"आई."

"आई हाक मारायची. माणूस मी शोधायचे. पुण्याहून."

कौलं परतणं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. मलाही ते नीट माहीत नव्हतं, हा ताईचा मुद्दा होताच. मंगळुरी कौलांच्या छपरावर वर्षभरात पाला साचतो, वानरं उड्या मारून कौलं सरकवतात, काही तडकतात. पावसाच्या आधी रांगेने कौलं उचलायची, खालच्या रिपा तपासायच्या, केर झाडायचा, फुटकी बाजूला काढून चांगली पुन्हा बसवायची. एक वर्ष चुकलं तर पाणी रिपेत जातं, दोन वर्षं चुकली तर वाशात. आमचं छप्पर आजोबांनी १९३१ मध्ये घातलं. ते टिकलं, कारण दर मे महिन्यात कुणीतरी वर चढत होतं. त्या कुणीतरीची मजुरी शेवटची दहा-बारा वर्षं ताई देत होती, हे मला या फोनवर कळलं.

मी हिशेबाकडे वळलो. तिला तिच्याच मैदानात गाठावं म्हणून.

"विकून पैसे ठेवणार कुठे? तुमच्या बँकेत? रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरवलाय. ठेवीचं व्याज किती देता तुम्ही आता?"

"उतरत चाललंय. साडेपाचाच्या आसपास येईल. आणि घरावर किती टक्के मिळतात तुला?"

मी गप्प.

"वजा टक्के मिळतात," ती म्हणाली. "घरपट्टी, विजेचं बिल, कौलं, विहिरीचा गाळ. तेही मीच भरते म्हणून तुला शून्य दिसतं."

तेव्हाच्या नियमांप्रमाणे कर किती बसेल, हेही तिने एका दमात सांगितलं. जुन्या घराची किंमत १ एप्रिल २००१ ची धरायची, महागाईच्या निर्देशांकाने ती वाढवायची आणि वरच्या नफ्यावर २० टक्के. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे रोखे घेतले, तर तो कर वाचतो. वाडी गावातली शेतजमीन, तिला हा कर नाहीच. मी ऐकत होतो आणि मनात कुठेतरी चिडतही होतो, कारण आई जाऊन चार महिने झाले होते आणि हिचा अभ्यास पूर्ण होता. नंतर लक्षात आलं, आईच्या दवाखान्याच्या फाइलीही हिनेच अशाच लावून ठेवल्या होत्या. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

एक पत्ता माझ्याकडे होता. "वाडीच्या सातबारावर शेती आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला ती घेता येत नाही."

"त्याच्या वडिलांची साताऱ्याकडे जमीन आहे. उतारा मागवलाय मी."

मेपर्यंत हे असंच चाललं. मग ३ जून आला.

'निसर्ग' वादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. टीव्हीवर अलिबाग दाखवत होते, मुंबई वाचली म्हणून हायसं वाटल्याचं सांगत होते. आंजर्ल्याला फोन लागेना. दापोली-मंडणगड भागात वीज नाही, टॉवर बंद. नवव्या दिवशी शेजारच्या मुलाने टेकडीवर रेंज मिळते तिथे जाऊन चौदा फोटो पाठवले. मी ते एकेक मोठे करून बघितले. पडवीवर एक माड आडवा. ओटीच्या कड्या तशाच, झोपाळा नाही. वाडीत सुपारी एकाच दिशेला निजलेली, शाळेतली पोरं प्रार्थनेला एका ओळीत वाकावीत तशी. सातवा फोटो देवघराचा होता. कोनाड्यात आईची समई जिथल्या तिथे, आणि वर स्वच्छ निळं आभाळ.

त्या रात्री ताईचा फोन आला तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

"त्याने भाव उतरवला," शेवटी ती म्हणाली. "एकोणतीस."

"बघ. वादळात पडलेल्या घरावर नऊ लाख कमी करणारा माणूस. आणि त्याला द्यायचं?"

"तो मदत करायला आला नव्हता रे. घर घ्यायला आला होता."

"सरकारने भरपाई वाढवली आहे."

"बागायतीला हेक्टरी ५० हजार. आपली वाडी किती? बारा गुंठे. कर गुणाकार."

सहा हजार रुपये. आडवा झालेला एक माड तोडून, ओंडके करून वाडीबाहेर ओढायला माणसं किती घेतात, हे तिने विचारलं नाही. मीच मनात हिशेब केला आणि थांबवला.

"पुन्हा लावू सुपारी."

"धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर शिंपणं कोण करणार? शनिवार-रविवारी येऊन?"

इथे मला प्रामाणिकपणे म्हणायचंय की माझ्याकडे एक चांगला मुद्दा होता, आणि तो मी फार उशिरा मांडला. तोवर भावना, आई, अंगण हेच चाललं होतं. मुद्दा साधा होता. आम्ही दोघांनी ते घर वादळानंतर बघितलेलंच नव्हतं. गिऱ्हाइकानेही नाही. मध्यस्थ व्हिडिओ कॉलवर घर दाखवणार, इसार ऑनलाइन पाठवणार, कुलमुखत्यारपत्रावर पुढचं होणार. जिल्हा ओलांडायला ई-पास, आणि 'पडलेलं घर बघायला' असं कारण अर्जात लिहायची माझी हिंमत होत नव्हती. विकणाऱ्याने बघितलेलं नाही, घेणाऱ्याने बघितलेलं नाही, आणि भाव मात्र ठरतोय. जे एकोणतीस तो म्हणत होता, ते चौदा फोटोंचे होते.

"भाजीसुद्धा आपण उलटीपालटी करून घेतो," मी पुढच्या एका फोनवर म्हणालो.

ताई थांबली. तिला पटलं की ती एकदम थांबते, हे लहानपणापासूनचं. "ठीक आहे. दोघांनी आत पाय ठेवल्याशिवाय इसार घ्यायचा नाही. पण तोवर आत पाऊस जाता कामा नये. घर भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत आहे. उभं आहे तोवर जुन्या पायावर दुरुस्ती करता येते. पडलं तर नव्याने बांधायची परवानगी काढताना तुझ्या मुलाचे केस पांढरे होतील. मग ठेवायचं म्हण की विकायचं म्हण, हातात नुसता चौथरा."

"ताडपत्री टाकू या. मी बघतो कुणाला—"

"टाकलीय. शेजारच्या दादाने आठवड्यापूर्वीच. साडेआठ हजार झाले. पत्र्यांना आणि ताडपत्र्यांना आता सोन्याचा भाव आहे."

"तू मला सांगितलं नाहीस?"

"तू त्या दिवशी फोटो बघून रडत होतास."

विकायचं म्हणणारीने घरावर ताडपत्री टाकून घेतली होती. ठेवायचं म्हणणारा फोटो मोठे करून बघत होता.

ऑगस्टमध्ये गणपती आले. चाकरमान्यांनी १२ तारखेच्या आत गावी पोहोचायचं, दहा दिवस विलगीकरणात राहायचं, असा सरकारचा निर्णय झाला. मी एसटीच्या जादा गाड्यांची चौकशी केली. ताईने विचारलं, ताडपत्रीखाली दहा दिवस राहणार का, आणि आजारी पडलास तर शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी काय करायचं? त्या वर्षी आमचा गणपती डोंबिवलीत फ्रिजशेजारी बसला.

गणपतीच्या आधी, ११ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विनीता शर्मा खटल्यातला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच, आणि ९ सप्टेंबर २००५ ला, कायदा बदलला त्या दिवशी, वडील हयात असण्याची गरज नाही. बातमी वाचली आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. का, ते सांगतो. लाजिरवाणं आहे.

आजोबा १९४९ मध्ये गेले, घर त्यांचं, म्हणजे वडिलोपार्जित. आमचे वडील, अण्णा, २००४ मध्ये गेले. ताईचं लग्न १९८८ चं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना हक्क दिला तो तोवर लग्न न झालेल्यांना, त्यात ती नाही. २००५ च्या कायद्यात आधीच्या निकालांप्रमाणे वडील हयात हवे होते, त्यातही ती नाही. एका वकील मित्राने मला जानेवारीतच कागदावर मांडून दिलं होतं. अण्णांचा आणि मागाहून आईचा वाटा धरून ताईला एक तृतीयांश, मला दोन. मी ते ताईला कधी बोललो नव्हतो. पण आईच्या तेराव्याला मामा म्हणाले होते, "ताई काय, सही करून देईलच," आणि मी त्यांना थांबवलं नव्हतं.

ताईचा फोन साडेनऊलाच आला.

"वाचलंस?"

"हो."

"आता निम्मं निम्मं."

"ते आधीही तसंच होतं ताई, मी कुठे—"

"नव्हतं. मलाही मांडता येतं." आवाज चढलेला नव्हता. "बहिणीच्या हक्कसोडपत्राला दोनशे रुपयांचा स्टॅम्प लागतो. मी तो आणून सहीसुद्धा केली असती. अजून करीन. मला आंजर्ल्याच्या घराचे पैसे करून सोन्याच्या बांगड्या घालायच्या नाहीत."

"मग विकायचं का म्हणतेस?"

"कारण तू 'ठेवू या' म्हणतोस तेव्हा त्यात मी असते. तुला ते ऐकू येत नाही. घर तुझ्या आठवणीत राहणार आणि कौलं माझ्या फोनवर. आई होती तोवर ते आईसाठी केलं. आता कुणासाठी करायचं? तुझ्या दीड दिवसासाठी?"

मी तेव्हा काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरं. पण ते वाक्य पुढचे पंधरा दिवस मला भांडी घासताना ऐकू येत होतं. मी खरंच कधी 'मी ठेवतो' म्हणालो नव्हतो. दर वेळी 'ठेवू या'. मराठीतला हा 'या' मोठा सोयीचा आहे. त्यात काम नक्की कुणी करायचं ते कधीच ठरत नाही.

ऑगस्टच्या शेवटी सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरपर्यंत. मध्यस्थाचे फोन वाढले. लगेच खरेदीखत करा, संधी जाईल. ताई त्याला म्हणाली, "सवलत तुमच्या माणसाला, आणि घाई आम्हाला?" या वाक्यावर आम्ही दोघं किती तरी दिवसांनी हसलो.

२ सप्टेंबरपासून ई-पास गेला. शनिवारी ५ तारखेला ती ताम्हिणीवरून उतरली, मी पनवेलवरून, आणि माणगावला एका बंद हॉटेलच्या बाहेर थर्मासमधला चहा घेत उभे राहिलो. जानेवारीनंतर पहिल्यांदा समोरासमोर. तिच्या नाकावर मास्कचा वळ पडला होता. तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कप ठेवून तिने सांगितलं.

"ठेवायचं असेल तर ठेव. माझा निम्मा मी आत्ता मागत नाही. पण येत्या मेपर्यंत छप्पर तू घालून घ्यायचंस. सुतार तू शोधायचास, मजुरी तू द्यायचीस, शिडीखाली तू उभं राहायचंस. मे संपला आणि झालं नाही, तर मग मी म्हणेन त्याला द्यायचं. तेव्हा आईचं नाव काढायचं नाही."

"चालेल," मी म्हणालो. बोलताना मनात आलं ते हे की माझा पगार एप्रिलपासून तीस टक्के कापलेला आहे आणि आंजर्ल्यातल्या एकाही सुताराचा नंबर माझ्याकडे नाही. तिला दोन्ही माहीत होतं.

घराचं कुलूप गंजून बसलं होतं, शेजारच्या दादाने खोबरेल घालून उघडलं. आत ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पाल्याचा वास. माजघरात ताडपत्रीचा निळा उजेड पसरलेला, सगळं पाण्याखाली असल्यासारखा. मी देवघराकडे गेलो. ताई गेली नाही. ती परसात, वादळात खाली आलेल्या कौलांचा ढीग दादाने रचून ठेवला होता तिथे गेली, पदर खोचला आणि दगडावर बसली.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिने एक कौल उचललं, शेवाळ पुसलं, मागच्या बाजूला मंगळूरच्या कारखान्याचा ठसा अजून वाचता येत होता. डाव्या हाताच्या दोन बोटांवर ते तोललं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवलं. टण्ण. उजवीकडे ठेवलं. दुसरं उचललं, वाजवलं. बद्द. डोळ्यांना तडा कुठे दिसत नव्हता. तिने ते न बघताच डावीकडे टाकलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"अण्णांनी. तू तेव्हा क्रिकेट खेळायला गेला होतास."

मी एक वाजवलं. मला ते चांगलं वाटलं. तिने माझ्या हातातून घेतलं, वाजवलं आणि डावीकडे टाकलं. पाच-सहा कौलांनंतर मला फरक थोडा थोडा लागायला लागला. तासाभरात उजवीकडे शंभरावर गेली. छपराला लागणार हजाराच्या वर.

गावात त्या वेळी रेंज आली असावी. ताईचा फोन वाजला. मध्यस्थाचं नाव. तिने ते बघितलं, आणि फोन तसाच माझ्यापुढे धरला.

"आज तू बोल."

माझे दोन्ही हात शेवाळाने भरले होते. ते पँटला पुसेपर्यंत फोन वाजायचा थांबला. ताईने तो माझ्या मांडीवर ठेवला आणि पुढचं कौल उचललं.